ग्रेनाडा: जायफळ, मुंगूस आणि एक धावपट्टी

ग्रेनाडाच्या झेंड्यावर डाव्या बाजूला जायफळ आहे. आपण श्रीखंडात किसतो, बाळाला सहाणेवर उगाळून देतो, तेच. पिवळसर फळ पिकलं की मधोमध उकलतं आणि आत जायपत्रीच्या लालभडक जाळीत गुरफटलेली काळपट बी दिसते. या बीवर देशाचं पोट चालायचं.

व्हेनेझुएलाच्या उत्तरेला असलेला हा देश जेमतेम ३४४ चौरस किलोमीटरचा, म्हणजे बृहन्मुंबईहूनही लहान. मुख्य बेटावर सगळे ज्वालामुखीचे डोंगर, सपाट जमीन फार थोडी. आधी फ्रेंच, मग १७६३ पासून इंग्रज. मळे उसाचे आणि राबणारे आफ्रिकेतून आणलेले गुलाम. १८३८ मध्ये ते पुरते मोकळे झाले आणि मळ्यांना मजूर मिळेनात. १८५७ पासून भारतातून गिरमिटिये, म्हणजे करारानं बांधलेले मजूर, आणले गेले, तरी ऊस सावरला नाही. त्याच सुमारास आशियाच्या पूर्वेकडच्या बेटांवरून आलेलं जायफळ मात्र उतारावर, कोकोच्या सोबतीनं, छोट्या शेतकऱ्याच्या तुकड्यातही रुजलं. अडचण एकच: झाड फळाला यायला सहा-सात वर्षं लागतात. १९५५ च्या जॅनेट वादळानं बागा झोपवल्या, तेव्हा ही अडचण किती मोठी आहे ते कळलं.

राजकारण मजुरांच्या संपातून उभं राहिलं. १९५१ चा संप गाजवणारे एरिक गेरी १९७४ मध्ये स्वतंत्र देशाचे पहिले पंतप्रधान झाले आणि हळूहळू हुकूमशहा. विरोधकांना झोडपणाऱ्या त्यांच्या टोळीला लोक 'मुंगूस गँग' म्हणत. इंग्रजीनं हा शब्द भारतातूनच उचलला. तो आपल्या मराठी मुंगुसाचा. गेरींना उडत्या तबकड्यांचंही वेड, तो विषय त्यांनी थेट संयुक्त राष्ट्रांत नेला. १३ मार्च १९७९ रोजी ते परदेशात असताना मॉरिस बिशप यांच्या न्यू ज्युएल मूव्हमेंट या डाव्या पक्षानं सत्ता घेतली.

बिशप यांना मोठी धावपट्टी हवी होती. उत्तरेकडच्या पर्ल्सच्या जुन्या विमानतळावर मोठी जेट उतरत नसत, मग पर्यटक येणार कसे? क्यूबाचे कामगार आले, पॉइंट सलाइन्सला ९,००० फुटांची पट्टी आखली गेली आणि वॉशिंग्टनला तिथे सोव्हिएत लढाऊ विमानं दिसू लागली. प्रश्न जायफळाचा नाही, अमेरिकेच्या सुरक्षेचा आहे, असं अमेरिकेचे अध्यक्ष रेगन यांनी मार्च १९८३ मध्ये सांगितलं.

घात मात्र घरातूनच झाला. १९ ऑक्टोबरला पक्षातल्याच विरोधी गटाच्या सैनिकांनी बिशप यांना सहकाऱ्यांसह किल्ल्याच्या भिंतीशी गोळ्या घातल्या. त्यांचे मृतदेह आजवर सापडलेले नाहीत. सहाव्या दिवशी अमेरिकी फौजा उतरल्या. कारण दिलं ते तिथल्या वैद्यकीय महाविद्यालयातल्या अमेरिकी विद्यार्थ्यांच्या सुरक्षेचं. ग्रेनाडाची राणी तेव्हा ब्रिटनचीच होती, पण ब्रिटनच्या पंतप्रधान थॅचर यांचा विरोध रेगन यांनी मोजला नाही. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेनं १०८ विरुद्ध ९ मतांनी निषेध नोंदवला, तोही कागदावरच राहिला.

ज्या पट्टीचा एवढा बाऊ झाला ती १९८४ मध्ये खुली झाली, अमेरिकेच्या मदतीनं पुरी होऊन. २००४ च्या आयव्हन वादळानं जायफळाच्या बहुतेक बागा आडव्या केल्या आणि अनेकांनी पुन्हा झाडं लावलीच नाहीत. आता भर आहे तो पर्यटकांवर, त्याच वैद्यकीय शिक्षणावर आणि २०१३ पासून पैसे भरणाऱ्या परदेशी लोकांना दिल्या जाणाऱ्या नागरिकत्वावर. २००९ मध्ये विमानतळाला बिशप यांचं नाव दिलं. पर्ल्सच्या ओसाड पट्टीवर दोन सोव्हिएत बनावटीची विमानं गंजत पडली आहेत, आजूबाजूला गुरं चरतात.