कोलकात्याच्या राजभवनाचं मूळ घर : केडलस्टन हॉल

कोलकात्याला गेलेल्या बऱ्याच जणांनी राजभवनाचं (2025 पासून नाव ‘लोकभवन’) ते भलंमोठं फाटक बाहेरून बघितलेलं असतं, पण ती इमारत ज्या घरावरून बेतली ते इंग्लंडात डर्बी शहराजवळ कुरणांच्या मधोमध अजून उभं आहे हे फारसं कुणी सांगत नाही. त्या घराचं नाव केडलस्टन हॉल. मला विचाराल तर ते राहायला कमी आणि दाखवायला जास्त बांधलेलं घर आहे, आणि म्हणूनच पुढे सरकारी वाड्याला नमुना म्हणून ते इतकं चपखल बसलं.

कर्झन घराणं त्या गावात सातशेहून जास्त वर्षं. 1758 मध्ये वडील गेले आणि इस्टेट तिशीतल्या नॅथॅनिएल कर्झनकडे आली. त्याच डर्बीशायर काउंटीत, म्हणजे जिल्ह्यात, चॅट्सवर्थचं कॅव्हेंडिश घराणं म्हणजे राजकारणातला विरोधी गट, त्यांचा महाल आधीच गाजलेला, आणि त्यांच्या तोडीस तोड काहीतरी उभं करायचं हे नॅथॅनिएलने मनावर घेतलं. घरचा विटांचा जुना वाडा पाडला. नवीन घरासमोर मोकळं रान हवं म्हणून अख्खं गाव उठवून दुसरीकडे बसवलं, रस्तासुद्धा वळवला. जागेवर राहिलं फक्त मध्ययुगातलं चर्च, ते आजही महालाला अगदी खेटून आहे.

काम 1759 ला सुरू झालं. आधी मॅथ्यू ब्रेटिंगहॅम, मग जेम्स पेन असे दोन आर्किटेक्ट झाले. मूळ आराखडा सोळाव्या शतकातल्या इटलीच्या आर्किटेक्ट पॅलाडिओच्या वळणाचा, म्हणजे मधे मोठी इमारत आणि चार कोपऱ्यांना चार छोट्या इमारती, त्या मधल्या इमारतीला गोलाकार वळणाच्या ओवऱ्यांनी जोडलेल्या. तेवढ्यात रॉबर्ट अ‍ॅडम नावाचा स्कॉटिश तरुण रोममध्ये राहून, जुने अवशेष स्वतः मोजून, चित्रं काढून 1758 ला परत आला होता. कर्झनने त्याला आधी फक्त बागेतल्या छोट्या बांधकामांसाठी घेतलं, त्याची ड्रॉइंग्ज बघून तो इतका भारावला की थोड्याच काळात सगळं घरच त्याच्या हातात दिलं.

निओक्लासिकल, म्हणजे प्राचीन ग्रीक-रोमन वास्तूंवरून घेतलेली शैली, नेमकी काय ते या घराला एक चक्कर मारली की कळतं. उत्तरेची बाजू पेनच्या आराखड्याला धरून आहे, सहा उंच खांबांचा पोर्टिको, म्हणजे दारापुढचा मंडप, भारदस्त पण ओळखीचा. दक्षिणेला गेलात की अ‍ॅडम भेटतो, त्याने रोममधली सम्राट कॉन्स्टंटाइनची विजय-कमानच घराच्या भिंतीवर आणली, वर बसका घुमट, खाली दोन्हीकडून वळत उतरणारा जिना. वर लॅटिनमध्ये कोरलंय की हे घर मित्रांसाठी आणि स्वतःसाठी. मित्र आधी!

आतला मार्बल हॉल म्हणजे माझ्या मते या घराचा जीव. अलाबास्टर दगडाचे वीस खांब, प्रत्येक 25 फूट उंच, अंगावर उभ्या खोबणी, आणि भिंतींना खिडक्याच नाहीत, उजेड सगळा वरून छतातून पडतो, रोमन घराच्या चौकात पडायचा तसा. तिथून पुढे गोल सलून, म्हणजे दिवाणखाना, रोमच्या पँथिऑन या प्राचीन गोल मंदिरावरून घेतलेलं, 62 फूट उंच, घुमटाच्या टोकाला काचेचा झरोका. गोल खोलीत फायरप्लेस कुठे बसवणार, म्हणून लोखंडी शेगड्या कोनाड्यांमध्ये ठेवल्या आणि त्यांना वेदी-कलशाचं रूप दिलं. पाहुण्यांच्या खास शयनगृहात पलंगाचे खांब ताडाच्या झाडासारखे कोरलेत. आणि कुटुंब कुठे राहायचं? बाजूच्या एका छोट्या इमारतीत! दुसऱ्या बाजूच्या इमारतीत स्वयंपाकघर. मधला सगळा थाट आल्यागेल्यांसाठी. दक्षिणेकडच्या उरलेल्या दोन इमारती कधी बांधल्याच गेल्या नाहीत.

आता कलकत्ता. 1798 ला गव्हर्नर जनरल म्हणून लॉर्ड वेलस्ली आला, हाच तो वसईच्या तहाचा वेलस्ली, ज्याच्या भावाने 1803 मध्ये असईला शिंदे-भोसल्यांच्या फौजेशी लढाई दिली. लॉर्ड वेलस्लीला कंपनीचा कारभार व्यापाऱ्याच्या पेढीवरून नाही तर महालातून करायचा होता. 1799 ते 1803 मध्ये चार्ल्स वायट या इंजिनियरने गव्हर्नमेंट हाऊस, म्हणजेच पुढचं राजभवन, बांधलं, केडलस्टनच्या बांधकामावर देखरेख ठेवणारा सॅम्युएल वायट त्याच घराण्यातला, त्यामुळे नमुना कुठून आला हे वेगळं सांगायला नको. तिथल्या उकाड्यासाठी दक्षिणेला रुंद व्हरांडे घेतले, दगडाऐवजी विटा आणि गिलावा वापरला, आणि डर्बीशायरमध्ये दोनच झालेल्या कोपऱ्यातल्या इमारती इथे चारही झाल्या. एवढ्या खर्चावरून लंडनचे कंपनीचे डायरेक्टर भडकले, आणि त्याच्या लढायांचा खर्चही डोईजड झालेला, शेवटी 1805 मध्ये वेलस्लीला परत जावं लागलं.

बांधकाम सुरू झाल्यावर बरोब्बर शंभर वर्षांनी गोष्टीला वेगळंच वळण लागलं. केडलस्टनमध्येच 1859 ला जन्मलेला जॉर्ज नॅथॅनिएल कर्झन 1899 ला व्हाइसरॉय होऊन आला आणि आपल्याच घराच्या नकलेत राहायला लागला. बंगालची फाळणी करणारा कर्झन तो हाच, आणि 1904 चा प्राचीन वास्तू जतनाचा कायदा आणणाराही हाच, दोन्ही लक्षात ठेवायला हवं. केडलस्टनच्या तळमजल्यावर त्याने पूर्वेकडून नेलेल्या वस्तूंचं म्युझियम आहे, आणि 1903 च्या दिल्ली दरबाराच्या वेळी त्याची बायको मेरीने घातलेला मोरपिसांच्या नक्षीचा गाऊनही केडलस्टनलाच आहे, शिवलेला पॅरिसच्या वर्थ या फॅशन हाऊसकडे पण जरीकाम आपल्या कारागिरांचं. त्या कारागिरांची नावं तिथे असायला हवीत असं मला मनापासून वाटतं.

1987 पासून घर नॅशनल ट्रस्ट या जुन्या वास्तू जपणाऱ्या ब्रिटिश संस्थेकडे आहे. कर्झन 1925 ला गेला, त्याला त्या जागेवरून न हललेल्या चर्चमध्येच पुरलं, मेरीशेजारी.