जुना स्मार्टफोन ऑनलाइन ट्रेड-इनला देणे

वापरलेला स्मार्टफोन संकेतस्थळावर किंमत ठरवून कंपनीला विकण्याची ही पद्धत आहे. मॉडेल, स्टोरेज आणि फोनची अवस्था भरली की अंदाजी किंमत दिसते. मग फोन कुरिअरने जातो किंवा कंपनीचा माणूस घरून नेतो. पैसे खात्यात जमा होतात किंवा नव्या फोनच्या किमतीतून वजा होतात. पहिला आकडा विक्रेत्याच्या उत्तरांवर बेतलेला असतो. पक्की किंमत तपासणीनंतरच ठरते.

किंमत सर्वांत जास्त घसरते ती डिस्प्लेमुळे. ओरखडे सहज दिसतात, पण ओलेड (प्रत्येक ठिपका स्वतः प्रकाश देणाऱ्या) पडद्यावर कीबोर्डचे किंवा स्टेटस बारचे कायमचे उमटलेले ठसे विक्रेत्याच्या नजरेतून सुटतात. अंधारात पूर्ण करड्या रंगाचे चित्र उघडले की ते लगेच कळतात. काही फोनांत सिम ट्रेच्या खाचेत पांढरी खूण असते. ती लाल झाली असेल तर आत पाणी गेले, असे तपासनीस धरतो. अधिकृत केंद्राबाहेर बदललेला पडदा आणि जुनी होऊन क्षमता घटलेली बॅटरीही किंमत कमी करतात. फॉर्म भरताना अवस्था वाढवून सांगण्यात काहीच फायदा नाही.

खात्याचे लॉक, म्हणजे जुन्या मालकाच्या खात्याशिवाय फोन सुरू होऊ न देणारे कुलूप, मात्र सौदाच अडवते. आयफोनवर २०१३ च्या आयओएस ७ पासून ॲक्टिव्हेशन लॉक आहे, अँड्रॉइडवर ५.१ आवृत्तीपासून फॅक्टरी रीसेट प्रोटेक्शन. बटणे दाबून रिकव्हरीतून (सेटिंग्ज न उघडता दुरुस्तीच्या मेनूतून) पुसलेला अँड्रॉइड फोन पुन्हा जुनेच गूगल खाते मागतो. म्हणून आधी सेटिंग्जमधून खाते काढावे, आयफोनवर ‘फाइंड माय’ (हरवलेला फोन शोधण्याची सोय) बंद करावे, मगच रीसेट करावे. आयफोन लॉकसकट गेलाच, तर आयक्लाउडच्या संकेतस्थळावरून तो खात्यातून काढता येतो. हप्ते थकलेला, चोरीची नोंद असलेला किंवा ऑफिसच्या नियंत्रणाखालचा फोन सहसा नाकारला जातो.

रीसेटपूर्वी फोटो आणि चॅटचा बॅकअप सगळ्यांना आठवतो. ऑथेंटिकेटर ॲपमधले (लॉगिनसाठी लागणारे) कोड विसरतात. ते नव्या फोनवर न हलवता फोन पुसला, तर बँक आणि ईमेलची दारे बंद होऊ शकतात. ई-सिम आधी हलवावे, स्मार्ट घड्याळाची जोडणी तोडावी, सिम आणि मेमरी कार्ड काढावे. मेमरी कार्ड फॅक्टरी रीसेटने आपोआप पुसले जाईलच असे नाही. आजच्या फोनांतला डेटा एन्क्रिप्टेड, म्हणजे किल्लीशिवाय न वाचता येणाऱ्या रूपात, असतो आणि रीसेटमध्ये त्याची किल्ली नष्ट होते, त्यामुळे फोन पुन्हा पुन्हा पुसत बसण्याची गरज नसते.

रीसेट करण्याआधीच *#०६# डायल करून १५ अंकी आयएमईआय (फोनचा ओळख क्रमांक) टिपून घ्यावा. तो पडद्यावर असतानाच फोनच्या चारही कडा, मागची बाजू आणि चालू डिस्प्लेचा सलग व्हिडिओ दुसऱ्या फोनने काढावा. वादात हाच पुरावा कामाला येतो. पाठवताना फोन बंद करून बबल रॅपमध्ये घट्ट बसवावा. बॅटरी फुगून मागचे झाकण उचलले असेल, तर तो कुरिअरने मुळीच पाठवू नये, कारण दाबाने तिला आग लागू शकते.

तपासणीत फरक निघाला की कंपनी सुधारित किंमत कळवते. ती नाकारून फोन परत मागता येतो का, परतीचा खर्च कोणाचा आणि ठरलेल्या मुदतीत उत्तर न दिल्यास होकार धरला जातो का, हे फोन देण्याआधी अटींमध्ये वाचावे. पहिल्या किमतीलाही मुदत असते. नवे मॉडेल आले की जुन्याचा भाव उतरतो, तेव्हा मुदत संपल्यावर पाठवलेल्या फोनला कमी भाव मिळण्याची शक्यता असते.