मोल्झीची नौकाशर्यत : एका चित्राची पार्श्वभूमी

पॅरिसच्या ओर्से संग्रहालयातील ‘मोल्झी येथील नौकाशर्यत’ हे आल्फ्रेद सिस्ले यांचे तैलचित्र १८७४ साली इंग्लंडमध्ये, टेम्सच्या काठी रंगवलेले आहे. दृक्प्रत्ययवादी (इम्प्रेशनिस्ट) चळवळ, म्हणजे प्रकाश आणि वातावरणाचा क्षणिक ठसा टिपू पाहणाऱ्या चित्रकारांची चळवळ, फ्रान्समध्ये रूप घेत असताना तिचा एक बिनीचा चित्रकार तेव्हा टेम्सवर का होता, हे समजण्यासाठी त्याआधीच्या काही वर्षांकडे पाहावे लागते.

सिस्ले यांचा जन्म १८३९ साली पॅरिसमध्ये एका इंग्रज कुटुंबात झाला. वडिलांच्या व्यापाराचा आधार असल्याने चित्रे विकण्याची निकड त्यांना भासली नव्हती. परंतु १८७०-७१ च्या फ्रान्स-प्रशिया युद्धाने तो व्यापार बुडवला आणि कुटुंबाचा चरितार्थ चित्रकलेवर येऊन पडला. एप्रिल १८७४ मध्ये मोने, रन्वार, पिसारो आदींसह त्यांनी छायाचित्रकार नादार यांच्या जुन्या स्टुडिओत प्रदर्शन भरवले, तेव्हा काही समीक्षकांनी त्याची टर उडवली. त्यातच या मंडळींची चित्रे घेणारे व्यापारी पॉल द्यूराँ-र्युएल आर्थिक अडचणीत आले होते. अशा वेळी ऑपेरा गाजवणारे गायक आणि चित्रसंग्राहक ज्याँ-बाप्तिस्त फोर सिस्ले यांना इंग्लंडला घेऊन गेले. प्रवासखर्चाच्या बदल्यात फोर यांनी काही चित्रे स्वीकारायची, असे ठरले होते.

मोल्झी हे हॅम्प्टन कोर्ट राजवाड्यासमोरच्या काठावरचे गाव. तिथे १८४९ साली रेल्वे आल्यापासून सुट्टीच्या दिवशी लंडनकरांची रीघ लागे आणि नदीवर वल्ह्यांच्या होड्यांच्या शर्यती रंगत. सिस्ले यांनी ऐतिहासिक राजवाड्याकडे जवळजवळ पाठ फिरवली आणि बंधाऱ्यावरून कोसळणारे पाणी, १८६५ साली खुला झालेला लोखंडी पूल, इतकेच नव्हे तर त्या पुलाची खालची बाजूही रंगवली. प्रस्तुत चित्रातही शर्यत कोण जिंकते आहे याला फारसे महत्त्व नाही. नजर प्रथम जाते ती काठावर फडफडणाऱ्या मोठ्या निशाणांकडे, मग ढगांकडे, आणि त्यानंतर पांढऱ्या कपड्यांतील माणसांकडे व होड्यांकडे. या चित्राचा खरा विषय वारा आहे, असे मला वाटते. आणि शांत, संयत चित्रकार म्हणून ओळखल्या जाणाऱ्या सिस्ले यांचा कुंचला इतका चपळ फार थोड्या ठिकाणी दिसतो.

हे चित्र पुढे गुस्ताव्ह कायबोत यांच्या संग्रहात आले, ही मोठी समर्पक गोष्ट होय. कायबोत स्वतः चित्रकार तर होतेच, शिवाय शिडाच्या होड्यांचे आराखडे करून त्या शर्यतींत उतरवणारे जाणकारही होते. १८९४ साली त्यांचे निधन झाले तेव्हा त्यांनी आपला संग्रह फ्रेंच सरकारला मृत्युपत्राने दिलेला होता. सरकारने बरीच टाळाटाळ करून १८९६ साली त्यातील काही चित्रेच स्वीकारली; मोल्झीची शर्यत त्यांत होती. पुढच्या वर्षी ती चित्रे पॅरिसच्याच लक्झेंबर्ग संग्रहालयात लागली, तेव्हा सिस्ले हयात होते आणि मोरे या गावी हलाखीतच राहत होते.