कागद व पुठ्ठा आयातमूल्याची तुलना : भारत आणि चीन

एखाद्या देशाने वर्षभरात परदेशातून आणलेल्या कागदाची, पुठ्ठ्याची आणि त्यांपासून बनवलेल्या वस्तूंची पैशातील किंमत म्हणजे कागद व पुठ्ठ्याचे आयातमूल्य. सीमाशुल्काच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात हा माल प्रकरण ४८ मध्ये मोडतो. लगदा आणि रद्दी मात्र प्रकरण ४७ मध्ये जातात, तर छापील पुस्तके ४९ मध्ये. भारत आणि चीन यांची तुलना करताना घोटाळा होतो तो याच विभागणीमुळे.

चिनी कारखाने कित्येक वर्षे अमेरिका व युरोपातून आणलेल्या रद्दीवर चालत. तो खर्च प्रकरण ४७ मध्ये नोंदला जाई. जुलै २०१७ मध्ये चीनने अवर्गीकृत रद्दीची आयात थांबवण्याचा निर्णय जागतिक व्यापार संघटनेला कळवला आणि १ जानेवारी २०२१ पासून घनकचऱ्याची आयात पूर्ण बंद केली. रद्दीतून मिळणाऱ्या कागदी तंतूंचा तुटवडा पडल्यावर तिथे खोक्यांसाठी लागणारा तयार कागदच बाहेरून येऊ लागला, म्हणजेच खर्च ४७ मधून ४८ मध्ये सरकला. केवळ ४८ चा आलेख पाहणाऱ्याला यात कागदाची वाढती भूक दिसेल. ते अनुमान चुकीचे ठरते. याच काळात भारतातल्या, उदाहरणार्थ गुजरातमधील वापीच्या, क्राफ्ट कागद (खोक्यांसाठीचा मजबूत तपकिरी कागद) बनवणाऱ्या गिरण्यांना आयात रद्दी मुबलक मिळू लागली. तिचे मूल्य भारताच्या ४८ मध्ये कुठेच दिसत नाही. म्हणून ४७ आणि ४८ शेजारी ठेवूनच वाचावेत.

भारताच्या आकड्यांत वृत्तपत्राच्या कागदाचा मोठा इतिहास दडलेला आहे. मध्य प्रदेशातील नेपानगरची या कागदाची गिरणी १९५६ मध्ये सुरू झाली, तरी देशाची गरज आयातीवाचून भागत नव्हती. परकीय चलनाच्या टंचाईमुळे हा कागद नियंत्रणाखाली होता. वृत्तपत्रांच्या पानांवर मर्यादा घालणारे धोरण १९७२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने घटनाबाह्य ठरवले. त्या दशकांतील कमी आयातमूल्य कमी मागणीचे लक्षण नाही. ते परवान्याचे लक्षण आहे. पुढे २०१९ च्या अर्थसंकल्पात या कागदावर १० टक्के शुल्क बसले, ते २०२० मध्ये ५ टक्क्यांवर आणले गेले. २०२१-२२ मधील दरवाढीने आणि महागलेल्या जहाजभाड्याने मराठी वृत्तपत्रांचीही ओढाताण झाली. अशा वर्षी टन न वाढताही मूल्य वाढते, त्यामुळे मूल्यासोबत वजन पाहणे अनिवार्य ठरते.

चलनाचाही प्रश्न आहे. ६ जून १९६६ रोजी डॉलरचा दर ४.७६ रुपयांवरून ७.५० रुपये झाला. तेवढाच कागद डॉलरमधील त्याच किमतीला आणला, तरी रुपयांतील मूल्य दीडपटीहून अधिक दिसू लागले. दीर्घ काळासाठी डॉलरमधील मालिका वापरतात, पण त्यातूनही महागाई वजा करावी लागते. आयातीत माल, विमा आणि जहाजभाडे असे सगळे धरण्याची पद्धत भारत व चीन दोघेही पाळतात, ही सोय आहे. मात्र भारताची बरीच आकडेवारी एप्रिल ते मार्च या वर्षाची असते, चीनची जानेवारी ते डिसेंबरची.

संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेच्या १९६१ पासूनच्या मालिकांत ‘चीन’ आणि ‘चीन, मुख्य भूमी’ अशा दोन वेगळ्या नोंदी आहेत. पहिलीत हाँगकाँग, मकाव आणि तैवानही धरलेले असतात. हाँगकाँगमार्गे मुख्य भूमीत गेलेला माल तिथे दोनदा मोजला जाऊ शकतो. भारताशी तुलनेसाठी दुसरीच नोंद घ्यावी.