वाफेतला स्वाद आणि पेटंट: खान्देशातून अर्ज करणाऱ्यांसाठी

"भाऊ, आपल्या ओवा-पुदिन्याच्या पट्टीला पेटंट भेटेल का?"

बी.फार्म झालेला एक पोरगा स्टीलचा डबा घेऊन आला होता. झाकण उघडलं आणि खोलीभर वास पसरला. आत पिवळसर, पापडासारख्या पातळ पट्ट्या होत्या. ग्लिसरीन आणि अल्जिनेट (समुद्री शेवाळातून निघणारी, जेल बनवणारी पूड) पाण्यात घोळायचं, त्यात ओव्याचं तेल आणि मेन्थॉल टाकायचं, काचेवर पसरून वाळवायचं आणि कापायचं. बॅटरीवरच्या छोट्या यंत्रात पट्टी तापली की सुवासिक वाफ निघते आणि ती ओढायची. डोकं चांगलं चाललेलं होतं. पण त्याला पहिली गोष्ट सांगितली ती पेटंटची नव्हतीच.

ती विक्रीची होती. २०१९ च्या ई-सिगारेट बंदी कायद्याची व्याख्या फार रुंद आहे. एखादा पदार्थ तापवून ओढण्यासाठी वाफ तयार करणारं विजेवरचं उपकरण त्यात येतं, मग त्यात निकोटिन असो वा नसो, स्वाद असो वा नसो. "आमच्यात तंबाखू नाही, नुसता ओवा आहे" हा बचाव इथे लंगडा पडतो. पहिल्या गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. पुन्हा सापडलात तर तीन वर्षांपर्यंत कैद आणि पाच लाखांपर्यंत दंड. औषध व सौंदर्यप्रसाधने कायदा, १९४० खाली परवाना असलेलं उत्पादन या व्याख्येबाहेर आहे. म्हणून आपला माल औषधाच्या वाटेने जाणार की नाही, हे आधी ठरवा.

मग पेटंट मागायचं कशाला? पेटंट म्हणजे विकायचा परवाना नव्हे. तुमची युक्ती दुसऱ्याने वापरू नये, एवढाच तो हक्क. देशातल्या कायद्याने विक्रीवर निर्बंध आहेत एवढ्याच कारणाने पेटंट नाकारू नये, असं पॅरिस करारात आहे आणि भारत १९९८ पासून त्याचा सदस्य आहे. तरीही पेटंट कार्यालयाचा परीक्षक पेटंट कायद्याचं कलम ३(ब) काढू शकतो: आरोग्याला गंभीर अपाय करणारा शोध पेटंटला पात्र नाही. त्याचं उत्तर तयार ठेवूनच अर्ज करावा.

"यात नवं काय?"

पेटंट कायदा, १९७० तीन गोष्टी मागतो: वस्तू किंवा प्रक्रिया नवी हवी, तिच्यात शोधक पाऊल हवं आणि ती उद्योगात वापरता यावी. पहिली आणि तिसरी बहुतेकांना जमते. अर्ज आपटतात ते दुसरीवर. कलम २(१)(जअ) च्या भाषेत, आधीच्या ज्ञानापेक्षा तांत्रिक प्रगती किंवा आर्थिक महत्त्व हवं, आणि त्या विषयातल्या जाणकाराला ते उघड वाटता कामा नये.

हा जाणकार कोण? मी वांग्याच्या भरताचं उदाहरण देतो. जळगावात कपाशीच्या काड्यांवर वांगी भाजून, हिरवी मिरची-लसूण घालून, लाकडी बडगीत ठेचणारी माणसं घरोघर आहेत. त्यांना सांगा, "मी यात शेंगदाणे जास्त टाकले." ती हसतील. हे असं भरीत याआधी कुणी केलं नसेलही, म्हणजे ते नवं असेल, पण सुचण्यात काही विशेष नाही. जाणकार म्हणजे ही मंडळी. अलौकिक बुद्धीची नाहीत, पण हाताला सगळं माहीत असलेली.

आता पट्टीकडे येऊ. अल्जिनेटची जेल कॅल्शियमने घट्ट होते, ग्लिसरीनमुळे वाफ धरते, मेन्थॉलने गार वाटतं. हे तिन्ही जुन्या पेटंटांत सापडतं. तंबाखू कंपन्यांनी याच विषयावर ढिगाने अर्ज टाकलेत. "मेन्थॉल ३० ते ४० टक्के" असा क्लेम (म्हणजे नेमका कशावर हक्क हवा ते सांगणारं वाक्य) लिहिला आणि जुन्या कागदात "१० ते ५० टक्के" असलं, तर परीक्षक म्हणेल, प्रमाण बदलून बघणं हे तर रोजचं काम. पुदिन्याऐवजी ओवा, ओव्याऐवजी लवंग, ही अदलाबदलही तशीच. वर कलम ३(ई) आहे: नुसतं मिश्रण, ज्यात प्रत्येक घटक आपापलंच काम करतो, ते शोध नाही. आणि कलम ३(प): पारंपरिक ज्ञान. सर्दीला ओव्याचा वाफारा आपल्या आज्याही देत होत्या. हळदीने जखम भरते यावर अमेरिकेत १९९५ मध्ये पेटंट मिळालं होतं, सीएसआयआर या भारत सरकारच्या संशोधन संस्थेने जुने ग्रंथ पुढे ठेवले आणि १९९७ मध्ये ते रद्द झालं.

मग वाचवणारं काय? त्या पोराच्या वहीतलं एक पान. मेन्थॉल उडतं. पट्टी वाळवतानाच निम्मा वास खोलीत जातो, ही या धंद्यातली खरी डोकेदुखी. त्याने मेन्थॉल आधी न घालता जेल अर्धी घट्ट झाल्यावर घातलं, आणि त्याच्या मते वास टिकला. "मते" हा शब्द परीक्षकापुढे चालत नाही. म्हणून त्याला परत पाठवलं. जुन्या पद्धतीने एक घाणा कर, तुझ्या पद्धतीने एक कर, बाकी सगळं सारखं ठेव, एकच गोष्ट बदल. पहिल्या दिवशी, पंधराव्या दिवशी, तिसाव्या दिवशी मेन्थॉल किती उरलं ते मोज. फरक अपेक्षेबाहेरचा निघाला, आणि जुन्या कागदांत तशी वाट सुचवलेली नसली, तर बोलायला जागा आहे. जाणकाराला हे करता आलं असतं का, एवढंच विचारून भागत नाही. त्याने हे केलंच असतं का, हे बघायचं. कोडं सुटल्यावर सगळ्यांनाच सोपं वाटतं.

सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये मिर्झापूरच्या भांडी कारखानदारांच्या खटल्यात हेच तपासलं होतं. लेथवर भांडं पक्कं धरायची युक्ती होती. न्यायालय म्हणालं, जुन्याच साधनाचा जुन्याच कामासाठी किंचित फरकाने वापर, पेटंट रद्द. दिल्ली उच्च न्यायालयाने २०१५ च्या रोश विरुद्ध सिप्ला निकालात याची पायरीवार पद्धत घालून दिली. उत्तर लिहिताना त्याच क्रमाने गेलेलं बरं: जाणकार कोण, शोधाचा गाभा काय, त्या वेळी सर्वांना काय ठाऊक होतं, फरक कोणता, तो उघड होता का.

जुने कागद शोधायला ए२४बी १५, ए२४एफ ४० आणि ए६१एम १५ हे पेटंटांच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणातले वर्ग लावा. नुसतं "फ्लेवर" टाकून शोधलं तर हरवाल.

कागद आणि पैसे

महाराष्ट्राचं पेटंट कार्यालय मुंबईत, अँटॉप हिलला आहे. तिथे जायची गरज नाही, ऑनलाइन भरता येतं. एजंट नेमलाच पाहिजे असंही नाही. कागद इंग्रजी किंवा हिंदीत लागतात. मराठी चालत नाही, हे मला अजून पटलेलं नाही, पण नियम तो आहे.

फॉर्म १ हा अर्ज. फॉर्म २ मध्ये शोधाचं वर्णन: घाईत असाल तर तात्पुरतं, आणि त्यानंतर १२ महिन्यांच्या आत पूर्ण, क्लेम आणि १५० शब्दांपर्यंतच्या सारांशासह. फॉर्म ३ परदेशातल्या अर्जांबद्दल, फॉर्म ५ शोधक कोण याबद्दल. एजंट असेल तर फॉर्म २६. लघुउद्योग किंवा स्टार्टअप म्हणून सवलत हवी तर फॉर्म २८ आणि उद्यम नोंदणीसारखा पुरावा. एकट्या व्यक्तीला सवलत आपोआप मिळते. कॉलेजच्या नावाने अर्ज करत असाल तर २०२१ पासून कॉलेजलाही तोच दर आहे, पण शोधकाने हक्क कॉलेजला दिल्याचा कागद जोडावा लागतो. हा कागद विसरणारे मी फार पाहिलेत.

सवलतीच्या दराने ऑनलाइन अर्ज १,६०० रुपये, परीक्षणाची मागणी म्हणजे फॉर्म १८ चे ४,०००. तीस पानांपुढे दर पानाला १६० आणि दहा क्लेमांपुढे दर क्लेमला ३२० रुपये. म्हणून पसारा घालू नका. कागदावर भरलात तर दहा टक्क्यांच्या आसपास जास्त. अर्जदारांत एखादी स्त्री असेल, किंवा तुम्ही स्टार्टअप असाल, तर फॉर्म १८अ ने जलद परीक्षण मागता येतं, त्याला ८,०००. नुसतं नाव घालायला वहिनींना उभं करू नका, पुढे अडचण होते.

ओवा, पुदिना अशी भारतातली जैविक सामग्री वापरलीत तर ती कुठून आणली हे वर्णनात लिहा. राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाकडची नोंदणीही पेटंट हातात पडण्यापूर्वी उरकावी लागते. चोपड्याच्या बाजारातून आणलं तरी हा भारतातलाच माल.

एक सावधगिरी. कॉलेजच्या प्रदर्शनात मांडायच्या किंवा इन्स्टाग्रामवर रील टाकायच्या आधी तात्पुरता अर्ज टाका. सरकारने अधिसूचित केलेल्या प्रदर्शनाला १२ महिन्यांची सूट आहे, तुमच्या गॅदरिंगच्या स्टॉलला नाही.

अर्ज १८ महिन्यांनी प्रसिद्ध होतो. लवकर हवा तर फॉर्म ९. परीक्षणाची मागणी ३१ महिन्यांच्या आत करावी लागते. पूर्वी ही मुदत ४८ महिने होती आणि जुनी पुस्तकं अजून तेच सांगतात. मागणी केली नाही तर अर्ज मागे घेतला असं धरतात. परीक्षण अहवाल आल्यावर उत्तराला सहा महिने, आणखी तीन मागता येतात. त्या अहवालात "शोधक पाऊल नाही" हे वाक्य जवळपास ठरलेलं असतं. घाबरू नका, वहीतलं ते तुलनेचं पान तेव्हाच कामी येतं. मात्र मूळ वर्णनात नसलेली गोष्ट नंतर क्लेममध्ये घुसडता येत नाही, म्हणून मेन्थॉल कधी घातलं ते पहिल्याच दिवशी लिहून ठेवा.

पेटंट अर्जाच्या तारखेपासून २० वर्षं चालतं. तिसऱ्या वर्षापासून नूतनीकरण, सुरुवातीला सवलतीच्या दराने वर्षाला ८०० रुपये. मंजुरीला उशीर झाला तर साचलेली फी तीन महिन्यांत भरायची. एखादं वर्ष राहून गेलं तर जादा फी भरून सहा महिने मिळतात. त्यानंतर पेटंट पडतं, आणि १८ महिन्यांच्या आत ते पुन्हा उभं करायचा अर्ज करता येतो.