शाशून (गॅलिशियन शब्द)

शाशून : स्पेनच्या वायव्य कोपऱ्यातील गॅलिसियाच्या भाषेत, म्हणजे गॅलिशियनमध्ये, 'उपवास' या अर्थाचे पुल्लिंगी नाम. रोमन लिपीत त्यात दोनदा 'एक्स' येतो, पण गॅलिशियनमध्ये त्याचा उच्चार 'श'. 'क्साक्सून' असे वाचणे ही नवख्यांची ठरलेली चूक. आघात शेवटच्या 'शून'वर पडतो, म्हणून तिथल्या 'यू'वर आघातचिन्ह देतात.

मूळ लॅटिन 'येयूनुस', म्हणजे उपाशी, रिकामा. त्याचे 'यायूनुस' असेही रूप होते. 'शाशून' आणि स्पॅनिश 'आयुनो' यांतला 'आ' त्याच रूपाकडे बोट दाखवतो. लॅटिन शब्दाचा धातू काही भाषाशास्त्रज्ञ संस्कृत 'यज्'शी जोडतात, पण हे मत सर्वमान्य नाही.

खरी गंमत 'न'ची आहे. दोन स्वरांमधला लॅटिन 'न' गॅलिशियनमध्ये गळतो : 'लूना' (चंद्र) चे 'लूआ' झाले. त्याच नियमाने 'उपवास करणे' हे क्रियापद 'शाशुआर' झाले, त्यात 'न' नाही. नामात मात्र शेवटचा स्वर आधीच्या 'ऊ'त मिसळला, अनुनासिक शब्दाच्या टोकाला आले आणि 'न' म्हणून उरले. क्रियापदावरून नाम बनवायला जाणारा इथे हमखास फसतो.

'एन शाशून' म्हणजे आपले अनशापोटी. रक्ततपासणीला जाताना हाच प्रयोग. धार्मिक अर्थ अधिक काटेकोर आहे. कॅथलिक नियमानुसार राखेचा बुधवार आणि गुड फ्रायडे या दोन दिवशी एकच पूर्ण जेवण. सकाळ-संध्याकाळ थोडे खाल्लेले चालते. वय 18 पूर्ण झाल्यापासून साठावे वर्ष सुरू होईपर्यंत हे बंधन असते. मांसवर्ज्य ही वेगळी गोष्ट : ती वय 14 पूर्ण झाल्यापासून लागू होते आणि पोट भरून मासे खाऊनही पाळता येते. ईस्टरआधीच्या चाळीस दिवसांच्या उपवासकाळातल्या (कोरेज्मा) शुक्रवारी हरभरे, पालक आणि खारवलेला कॉड यांचे कालवण होते, ते या दुसऱ्या नियमापोटी. त्याला शाशून म्हणणे चूक.

उपवासकाळाआधीच्या खाण्यापिण्याच्या धुमाळीला गॅलिसियात 'एंत्रोइदो' म्हणतात. पोर्तुगीज 'एंत्रुदु' त्याचेच भावंड, आणि गोव्यातला 'इंत्रुज' त्यातूनच आला.