हवेतील कीटकनाशकांचे मापन (मुंबई)

मोकळ्या हवेत वायू, सूक्ष्म तुषार किंवा धुळीला चिकटलेले अंश अशा रूपांत आढळणारी कीटकनाशके, तणनाशके आणि बुरशीनाशके नियमितपणे मोजण्याची पद्धत. फवारणीचे तुषार वाऱ्याने वाहून जातात, पानांवर-मातीवर पडलेल्या औषधाची उन्हाने वाफ होते आणि औषध बसलेली माती उडते. हवेत ही द्रव्ये येतात ती मुख्यतः या तीन वाटांनी.

जगात हे काम शेतीच्या अंगाने वाढले. फ्रान्समध्ये २०१८-१९ साली वर्षभर ७५ द्रव्ये हवेत शोधली गेली. तिथल्या शेतीतून दोन दशकांपूर्वीच हद्दपार झालेले लिंडेन हे कीटकनाशक बहुसंख्य नमुन्यांत निघाले. मुंबईला हा साचा जसाच्या तसा बसत नाही. इथे शेतशिवार दूर आहे, औषध मात्र उंबरठ्यावर आहे. महापालिकेच्या कीटकनाशक विभागाची धूम्रफवारणी, सोसायट्यांमधले झुरळ-वाळवीचे पेस्ट कंट्रोल, गोदामांत आणि बंदरावर मालाला दिली जाणारी मिथिल ब्रोमाइड किंवा फॉस्फिन या विषारी वायूंची धुरी हे शहराचे स्वतःचे स्रोत. रात्री वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहतो, तेव्हा त्यात बाहेरची भर पडू शकते. पण पहिली चौकशी घरातल्या घरातच करायला हवी.

धूम्रफवारणीचेच पाहा. मॅलॅथिऑन हे कीटकनाशक वापरायचे तर रूढ प्रमाण एक भाग औषधाला एकोणीस भाग डिझेल. खांद्यावरचे मशीन फटफटत गल्लीत शिरते, पांढऱ्या लोटात समोरची चाळ दिसेनाशी होते आणि मागे पोरे धावतात. धूर घरात शिरला तर आतले डास मरतात, म्हणून दारे-खिडक्या उघड्या ठेवून अन्नपाणी झाका असे सांगितले जाते. लोक नेमक्या खिडक्याच लावून घेतात, आणि छातीच्या दृष्टीने त्यांचे काही चुकत नाही. अर्ध्या तासात सारे विरते. जवळ हवा मोजणारे केंद्र असेल, तर तिथे सूक्ष्म कणांचा आकडा वर जाऊ शकतो. पण तो डिझेलच्या धुराचा की औषधाचा, हे त्या यंत्राला कळत नाही.

कळण्यासाठी वेगळी साधने लागतात. पंप लावलेला सॅम्पलर दिवसभरात शेकडो घनमीटर हवा ओढतो. कण गाळणकागदावर अडकतात, वायुरूप अंश मागच्या पॉलियुरेथेन फोममध्ये किंवा राळेत शोषला जातो. मग द्रावकाने अर्क काढून गॅस किंवा लिक्विड क्रोमॅटोग्राफीने घटक वेगळे करतात आणि मास स्पेक्ट्रोमेट्रीने, म्हणजे रेणूंच्या वजनावरून, एकेक द्रव्य ओळखतात. आकडे घनमीटरला नॅनोग्रॅममध्ये, कधी पिकोग्रॅममध्ये येतात. स्वस्तातला मार्ग म्हणजे फोमची चकती काही आठवडे गच्चीवर टांगून ठेवणे. तिला वीज लागत नाही. २००६-०७ च्या हिवाळ्यात अशाच चकत्यांनी मुंबईसह सात भारतीय शहरांची हवा तपासली गेली. त्यात डीडीटी आणि एचसीएच ही जुनी कीटकनाशके मिळाली. डीडीटीचा शेतीतला वापर १९८९ मध्ये, तर एचसीएच १९९७ मध्ये बंद झाले होते. डीडीटी डासांसाठी पुढेही चालू राहिले आणि मुंबईजवळ रसायनीला ते बनतही असे, त्यामुळे त्याचे फार नवल नाही.

मात्र चकतीचा आकडा महिन्याचा आणि सॅम्पलरचा दिवसाचा. अर्ध्या तासाचा लोट या सरासरीत बुडून जातो, आणि गच्चीवरच्या यंत्राला गल्लीतल्या पोराच्या नाकाची उंची ठाऊक नसते. मुंबईसाठी योजना आखायची तर फवारणीचे वेळापत्रक हाताशी ठेवून, रस्त्याच्या पातळीवर, कमी वेळाचे नमुने घ्यावे लागतील. पावसाळ्याचे वेगळे घ्यावेत, कारण पाऊस हवा धुतो आणि डासांमुळे फवारणीही तेव्हाच वाढते.

धोका द्रव्यागणिक बदलतो. मॅलॅथिऑनसारखी ऑर्गॅनोफॉस्फेट औषधे मज्जातंतूंना लागणारे कोलिनेस्टरेज हे विकर (एन्झाइम) अडवतात. मात्रा मोठी असेल तर डोळ्यांना-तोंडाला पाणी सुटते, बाहुल्या आकसतात, छाती भरते. यवतमाळमध्ये २०१७ च्या कापूस हंगामात फवारणी करणाऱ्यांचे जीव गेले ते कीटकनाशकांच्या विषबाधेने. पायरेथ्रॉइड या दुसऱ्या गटातल्या कीटकनाशकांनी खोकला येतो, दमेकऱ्याला धाप लागते. शहरातल्या रोजच्या हवेतली मात्रा याहून कितीतरी लहान असते. तिथे प्रश्न वर्षानुवर्षांच्या संपर्काचा. मॅलॅथिऑनला आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २०१५ मध्ये ‘बहुधा कर्करोगकारक’ गटात टाकले, लिंडेनला त्याच वर्षी ‘कर्करोगकारक’ ठरवले. लहान मुले वजनाच्या मानाने जास्त हवा घेतात, तेव्हा हिशेब त्यांच्यापासून सुरू करणे रास्त.

पिण्याच्या पाण्यातील कीटकनाशकांना भारतीय मानक आहे, अन्नातील अवशेषांना मर्यादा आहेत. हवेच्या २००९ च्या राष्ट्रीय मानकांत १२ प्रदूषके आहेत, त्यांत कीटकनाशक एकही नाही. जी तरतूद आहे ती हाताळणाऱ्या कामगारांसाठी: कीटकनाशक नियम, १९७१ प्रमाणे ऑर्गॅनोफॉस्फेट आणि तेच विकर अडवणाऱ्या कार्बामेट औषधांत काम करणाऱ्यांच्या रक्तातले कोलिनेस्टरेज दर महिन्याला तपासायचे असते.